गाडीखाली तेलाचा डाग: गळती नेमकी कुठून आहे हे घरी कसं शोधायचं

रात्री उभी केलेली गाडी सकाळी काढली की मागे जमिनीवर नाण्याएवढा काळा डाग. दोन दिवसांनी त्याच्या शेजारी दुसरा. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीवर आणि मित्र-नातेवाइकांच्या गाड्यांवर मिळून हे काम मी इतक्यांदा केलंय की आता डाग दिसला की हात आधी फडक्याकडे जातो. पहिल्या वेळी तो पान्याकडे गेला होता. थेंब चेंबरच्या (इंजिनच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याच्या) मागच्या कडेवरून पडत होता, म्हणून मी चेंबर उतरवला आणि त्याचं पॅकिंग, म्हणजे जोडातून तेल येऊ न देणारी पट्टी, बदललं. शनिवार-रविवार दोन्ही त्यात गेले. मंगळवारी डाग जागच्या जागी. तेल येत होतं टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या आवरणाच्या, मागच्या कोपऱ्यातून. ब्लॉकच्या (इंजिनच्या मुख्य धडाच्या) पाठीवरून ओघळत ते चेंबरच्या कडेपर्यंत यायचं आणि तिथे थेंब धरायचं.

तेल खाली ओघळतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे सरकतं आणि एखाद्या कडेवर किंवा बोल्टच्या डोक्यावर साचून टपकतं. टपकण्याची जागा हा त्याचा शेवटचा थांबा. आपल्याला पहिला शोधायचा असतो, आणि तो बहुतेक वेळा डागाच्या वर आणि पुढे असतो.

लक्षणं

डाग हे सगळ्यात उघड लक्षण, पण पहिलं तेच दिसेल असं नाही. गाडी सिग्नलला थांबली की किंवा घाट चढून उभी केली की जळक्या तेलाचा वास येतो. टॅपेट कव्हरमधून निघालेलं तेल गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनमधून जळका वायू बाहेर नेणाऱ्या पाइपवर) पडलं की हा वास येतो, आणि बरेचदा तेल वरच्या वर जळून गेल्यामुळे जमिनीवर काहीच दिसत नाही. प्रमाण जास्त असेल तर बॉनेटच्या फटीतून निळसर धूर निघतो.

इंजिनच्या एखाद्याच भागावर काळी, चिकट धूळ बसलेली दिसली तर तिथे नजर ठेवा. कोरड्या धातूवरची धूळ झटकली की जाते, तेलाने भिजलेली बसून राहते. स्पार्क प्लग काढला आणि त्याच्या विहिरीत तेल साचलेलं दिसलं, इंजिन मिसिंग करायला लागलं, तर हीही गळतीच आहे, फक्त आतल्या बाजूला.

डिपस्टिकवरची (तेल मोजायच्या पट्टीवरची) पातळी दर महिन्याला खाली जातेय, पण डाग नाही, वास नाही, इंजिन वरून कोरडं? मग इंजिन तेल जाळत असेल. सायलेन्सरमधून सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येतो का ते बघा. तो रोग वेगळा, त्याचं औषध इथे नाही. मात्र गाडीला खालून प्लास्टिकचं आवरण असेल तर आधी ते काढून बघा. तेल त्यात आठवडेच्या आठवडे साचत राहतं आणि जमीन कोरडी ठणठणीत दिसते.

आणि डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीचा लाल दिवा. अनेकांना वाटतं की तेल कमी झालं की तो लागतो. तो दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. तो लागतो तेव्हा पंपाला खेचायला तेल उरलेलं नसतं किंवा दाब तयार होत नसतो. चालत्या गाडीत तो लागला तर ‘पुढच्या चौकापर्यंत’ जायचं नाही. गाडी बाजूला, इंजिन बंद. बेअरिंग खराब व्हायला मिनिटंही लागत नाहीत.

हे इंजिन ऑइलच आहे ना?

गाडीखाली रात्रभर एक मोठा, स्वच्छ पुठ्ठा सरकवा. त्यावर पुढच्या चाकांची जागा पेनाने खूण करून ठेवा, म्हणजे सकाळी थेंब कुठल्या भागाखाली पडला ते कळेल. इंजिन ऑइल मधाच्या रंगापासून काळ्यापर्यंत काहीही असतं आणि बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं. लाल असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टीअरिंगचं तेल असण्याची शक्यता मोठी. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी, गोडसर वासाचं पाणी म्हणजे कूलंट. दाट आणि सडक्या गंधकासारख्या वासाचं असेल तर गिअर ऑइल. हा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर तो एसीचा निचरा, त्याला काही करायचं नाही.

चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलच्या खाली फिकट पिवळसर, पातळ द्रव दिसला तर तो ब्रेक फ्लुइड असू शकतो. ती गाडी चालवायची नाही. मेकॅनिकला जागेवर बोलवा.

किती घाबरायचं

मी तीन शब्दांत मोजतो: ओल, थेंब, धार. ओल म्हणजे पॅकिंगच्या कडेला तेलकट काळसरपणा, पण खाली काही पडत नाही. जुन्या इंजिनवर ती वर्षानुवर्षं असू शकते. मी तिच्यावर नजर ठेवतो, हात लावत नाही. थेंब म्हणजे पुठ्ठ्यावर डाग. याचा शोध घ्यायचा, पण गाडी चालवत राहायला हरकत नसते, फक्त आठवड्याला डिपस्टिक बघायची. धार म्हणजे इंजिन चालू असताना तेल सलग येताना दिसणं. इंजिन लगेच बंद.

याला एक अपवाद आहे. तेल थोडंच आहे, पण ते मॅनिफोल्डवर किंवा सायलेन्सरच्या पाइपवर पडतंय, तर थेंबालाही धारेसारखंच वागवा. तो पाइप शेकडो अंश तापतो आणि तेल पेट घेऊ शकतं.

अजून एक खूण खूप कामाची आहे. तेल कधी गळतं ते बघा. उभ्या गाडीखाली रात्रभर हळूहळू थेंब पडत असतील तर तेल नुसतं वजनाने उतरतंय, म्हणजे चेंबर, ड्रेन बोल्ट किंवा वरून ओघळून साचलेलं तेल. इंजिन चालू असतानाच गळत असेल आणि बंद केल्यावर थोड्या वेळात थांबत असेल, तर दाबाखालची जागा संशयित: फिल्टर, ऑइल प्रेशरचा स्विच, टर्बोला जाणारा पाइप, ऑइल कूलर. चालत्या इंजिनमध्ये तिथे साधारण २ ते ५ बार दाब असतो, त्यामुळे केसाएवढ्या फटीतूनही भरपूर तेल येतं.

हात घालण्याआधी

इंजिन गार होऊ द्या, किमान तासभर. वरून बघायची कामं नुसत्या टॉर्चवर होतात. खाली जायचं असेल तर सपाट, पक्की जमीन, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे, आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवलेली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. विटांवर गाडी टेकवणारे मी पाहिलेत. वीट आधी काही सांगत नाही, एकदम फुटते. स्टँड नसतील तर खालच्या तपासण्या सोडून द्या. निम्म्या गळत्या वरूनच सापडतात.

हातमोजे घाला. वापरलेलं तेल कातडीला चांगलं नाही, आणि वर्षानुवर्षं लागत राहिलं तर फारच वाईट.

तपासणी १: पातळी

सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, काढा. दोन खुणांच्या मध्ये तेल हवं. बहुतेक मोटारींत खालच्या आणि वरच्या खुणेत पाऊण ते एक लिटरचा फरक असतो. वाचलेली पातळी आणि गाडीचे किलोमीटर एका कागदावर लिहून ठेवा. पुढे मेकॅनिकशी बोलताना हा कागद हजार शब्दांचं काम करतो.

पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर असेल तर तीच गळतीचं कारण असू शकते. जास्त तेल फिरत्या क्रँकला (पिस्टन फिरवतात त्या दांड्याला) लागतं, फेसाळतं, आणि आतला दाब वाढून जिथे सील कमजोर तिथून बाहेर येतं. जास्तीचं तेल काढा, इंजिन पुसा, आठवडाभर बघा. फुकटात सुटलेली केस.

तपासणी २: झाकण आणि डिपस्टिक

तेल भरायच्या झाकणाखाली रबरी रिंग असते. ती नखाने दाबून बघा. नखाचा वळ उमटून परत भरला तर रबर जिवंत आहे. प्लास्टिकसारखी टणक किंवा चपटी झाली असेल तर बदला. झाकणाभोवतीचं तेल टॅपेट कव्हरवर पसरतं आणि लोक पॅकिंगला दोष देतात. कधी कधी तर काही गळतच नसतं, तेल भरताना सांडलेलं असतं. डिपस्टिकच्या मुठीजवळची ओ-रिंग आणि ती नळी ब्लॉकमध्ये बसते तिथली ओ-रिंग, दोन्ही याच हिशेबात बघा.

तपासणी ३: नुकतीच सर्व्हिसिंग झाली का?

तेल बदलल्यावर आठ-पंधरा दिवसांत गळती सुरू झाली असेल तर दुसरीकडे कुठे बघूच नका. फिल्टर किंवा ड्रेन बोल्ट.

फिल्टरच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे दोन रिंगा. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहते, आणि तिच्यावर नवीन फिल्टर बसवला जातो. वरून घट्ट वाटतो. मी हे एकदा स्वतःच्या हाताने केलंय. इंजिन सुरू केलं, पंधरा-वीस सेकंद काही नाही, मी समाधानाने बॉनेट लावायला गेलो आणि फरशीवरून काळं तळं माझ्या चपलेपर्यंत आलं. दोन रिंगा एकमेकींवर सरकल्या होत्या. चार लिटर तेलातलं किती उरलं होतं ते मोजायची माझी हिंमत झाली नाही. तेव्हापासून काढलेल्या जुन्या फिल्टरवर रिंग आहे का हे बोट फिरवून बघितल्याशिवाय मी नवा हातात घेत नाही.

नवीन फिल्टरच्या रिंगला बोटाने ताजं तेल लावायचं, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवायचा आणि मग पाऊण ते एक फेरा, तोही हातानेच. नेमकं किती ते बऱ्याच फिल्टरांवर छापलेलं असतं. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही, आणि रिंग चेपून गळतो तो वेगळाच. काही इंजिनांत पत्र्याचा डबा नसतो, प्लास्टिकच्या टोपीत कागदी फिल्टर असतो. तिथे टोपीची ओ-रिंग नवीन हवी आणि नेमक्या तिच्याच खाचेत बसलेली हवी.

ड्रेन बोल्टखाली तांब्याचं किंवा अॅल्युमिनियमचं वायसर असतं. ते आवळताना चेपून फट भरतं, म्हणून खरं तर एकदाच वापरायचं असतं. प्रत्येक तेलबदलाला नवीन टाका. बोल्टच्या टोकाला थेंब लटकलेला दिसला तर आधी पुसा, तासाभराने बघा. पुन्हा तिथेच भरला तर बोल्ट दोषी. वरून ओघळलेलं तेलही याच बोल्टवर येऊन थांबतं, कारण तो बहुधा सगळ्यात खाली असतो.

थेंब दिसला म्हणून बोल्ट आणखी आवळत जाऊ नका. आजकालचे चेंबर बरेचदा अॅल्युमिनियमचे असतात आणि स्टीलचा बोल्ट त्यांचे आटे सहज खातो. बऱ्याच गाड्यांत हा बोल्ट २५ ते ४० न्यूटन मीटरला आवळायचा असतो. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा आणि टॉर्क पाना वापरा. बोल्ट फिरतोय, फिरतोय आणि घट्टच होत नाहीये, म्हणजे आटे गेले. तिथे थांबा. नवीन आटे पाडून घेणं किंवा आत स्टीलची स्प्रिंग बसवून घेणं हे वर्कशॉपचं काम. टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून भागवू नका. ती तेलात सुटते आणि तिचे तुकडे पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात.

तपासणी ४: इंजिनचा श्वास

ही तपासणी फार कमी जण करतात, आणि म्हणूनच नवीन टाकलेलं पॅकिंग सहा महिन्यांत पुन्हा गळतं.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या पोकळीत) उतरतो. तो बाहेर काढायला ब्रीदर पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. तो हा वायू खेचून परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवा घ्यायच्या वाटेत, नेतो. ही वाट काजळीने आणि चिखलासारख्या तेलाने चोंदली की आत दाब साठतो. मग इंजिन फुग्यासारखं वागतं आणि जिथे कमजोर जागा मिळेल तिथून तेल ढकलतं. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ओल दिसायला लागली तर माझा पहिला संशय ब्रीदरवर असतो. सगळी पॅकिंगं एकाच आठवड्यात म्हातारी होत नाहीत.

तपासायला काही लागत नाही. इंजिन आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू) ठेवा, तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर कागदाचा पातळ तुकडा धरा. पेट्रोल इंजिनात तो हलकाच आत ओढला गेला किंवा जागच्या जागी फडफडला तर ठीक. बाहेर उडत असेल, वाफेसारखा धूर भपकत असेल, तर ब्रीदर चोंदलाय किंवा रिंगा गेल्यात. उलट झाकण सहज निघतच नाही, जोराने ओढलं जातंय, शिट्टीसारखा आवाज येतोय, तर पीसीव्हीचा आतला पडदा फाटला असण्याची शक्यता आहे. डिझेल इंजिनात थोडी फुंकर बाहेर येणं साहजिक आहे, तिथे हा नियम लावू नका. कागद इंजिनात पडू देऊ नका, हे सांगायला नको, पण मी सांगतो.

जुन्या पद्धतीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा. आतला दाणा खडखडला पाहिजे. मुका असेल तर बदला. पाइप काढून त्यातून फुंकर मारून बघा, चिरा बघा. ब्रीदर साफ असूनही भपका जोरात असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावं लागेल. तो रिंगांचा प्रश्न आहे आणि पॅकिंग बदलून सुटणार नाही.

तपासणी ५: धुवा, पावडर टाका, वाट बघा

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर आता खरा शोध. जुन्या तेलाने माखलेल्या इंजिनवर नवं तेल ओळखता येत नाही, म्हणून आधी ते स्वच्छ हवं. या पायरीवर आळस केला की सगळं पुढचं काम अंदाजपंचे.

इंजिन गार असताना अल्टरनेटर, एअर फिल्टरचं तोंड आणि विजेचे जोड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाका. तेलकट भागावर डीग्रीझर फवारा, दहा मिनिटं थांबा, ब्रशने घासा, आणि कमी दाबाच्या पाण्याने किंवा नुसत्या ओल्या फडक्याने पुसून घ्या. प्रेशर वॉशर नको. तो पाणी नको तिथे घुसवतो आणि मग गळतीसोबत वायरिंगचाही शोध लागतो. पूर्ण वाळू द्या.

मग संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची पहिली रेघ लगेच काळपट दिसते. पट्ट्यांवर आणि पुलीवर पावडर टाकू नका. इंजिन आयडलवर १०-१५ मिनिटं चालवा आणि टॉर्च घेऊन बघा, फिरत्या पंख्यापासून बाही, ओढणी, केस दूर ठेवून. काही दिसलं नाही तर १५-२० किलोमीटर फिरून या आणि पुन्हा बघा. काही जागा पूर्ण तापल्यावरच गळतात, काही उलट गार असताना गळतात आणि तापल्यावर धातू फुगून बंद होतात. म्हणून दोन्ही वेळा बघायचं. मागच्या, न दिसणाऱ्या बाजूसाठी मी फोनचा कॅमेरा सुरू करून हात आत घालतो आणि व्हिडिओ काढतो. पूर्वी दाढीचा आरसा वापरायचो.

ओली रेघ सापडली की तिच्यावरून बोट वर-वर न्या. जिथे रेघ सुरू होते, ज्याच्या वर कोरडं आहे, ती जागा.

पावडरीने उत्तर दिलं नाही तर अतिनील रंग. ही छोटी बाटली इंजिन ऑइलमध्ये मिसळायची, दिवसभर गाडी चालवायची आणि रात्री अंधारात निळ्या-जांभळ्या टॉर्चच्या उजेडात बघायचं. गळणारं तेल हिरवट पिवळं चमकतं. हा रंग इंजिन ऑइलसाठीचाच घ्या, एसीचा वेगळा असतो.

तपासणी ६: टॅपेट कव्हर

माझ्या हातून गेलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार हाच. कव्हर इंजिनच्या माथ्यावर, त्याचं रबरी पॅकिंग वर्षानुवर्षं उष्णता खातं, आक्रसतं आणि काचेसारखं कडक होतं. मागचा कोपरा आधी सोडतो, कारण तिथे हवा कमी आणि हात तर पोचतच नाही.

आधी बोल्ट ढिले आहेत का बघा. पण आवळायचे म्हणजे दंड काढून नव्हे. हे बहुतेक ६ मिलिमीटरचे बोल्ट असतात आणि त्यांना साधारण ८ ते १२ न्यूटन मीटर पुरतं, म्हणजे छोट्या पान्याने दोन बोटांचा जोर. जास्त आवळलं तर कव्हर वाकतं, पॅकिंग बाहेर फुगतं आणि गळती वाढते. कडक झालेलं पॅकिंग आवळून मऊ होत नाही. ते बदलावंच लागतं.

बदलणं घरी जमण्यासारखं आहे, जर कव्हरच्या वर इनटेक मॅनिफोल्ड किंवा डिझेलचे पाइप आडवे नसतील तर. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कॉइल, ब्रीदर पाइप काढण्याआधी फोटो काढा. बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने टिचकी मारा. मध्ये स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटलं तर मऊ धातूवर ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्यातून तेल आयुष्यभर येतं. जुनं पॅकिंग काढताना तुकडे आत पडू देऊ नका. दोन्ही बाजू प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि ब्रेक क्लीनरच्या फडक्याने पुसा. त्या पृष्ठभागावर तेलाचा बोटभर डागसुद्धा राहता कामा नये.

प्लगच्या विहिरींच्या रिंगा सोबतच बदला. एवढं उघडल्यावर त्या तशाच ठेवणं म्हणजे दोन महिन्यांनी पुन्हा उघडणं. रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं. सिलिकॉन फक्त त्या कोपऱ्यांवर, जिथे टायमिंग कव्हर आणि हेड (ब्लॉकवर बसणारा इंजिनचा वरचा भाग) यांचा जोड येतो, वाटाण्याएवढा थेंब. सगळ्या पॅकिंगवर सिलिकॉन थापणाऱ्यांचं कव्हर मी उघडलंय. आत पडलेले सिलिकॉनचे धागे बघून पोटात गोळा येतो, कारण ते तेलाच्या बारीक वाटा बुजवू शकतात. बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत. सिलिकॉनला ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या. पूर्ण वाळायला बऱ्याच सिलिकॉनना २४ तास लागतात.

तपासणी ७: ऑइल प्रेशर स्विच

अंगठ्याएवढा भाग, ब्लॉकवर किंवा फिल्टरच्या जवळ, एकच तार जोडलेली. त्याचा आतला पडदा फाटला की तेल थेट तारेच्या टोपीत येतं. टोपी काढा. आत तेल असेल तर स्विच गेला, बाकी काही तपासायची गरज नाही. इंजिन गार असताना काढून तसाच नवीन बसवा. त्याचे आटे निमुळते असू शकतात, त्यामुळे जोर लावून ब्लॉकला तडा देऊ नका. दहा मिनिटांचं काम आहे, आणि याच स्विचच्या गळतीला ‘मागचं सील गेलं’ म्हणून सांगितलेलं मी ऐकलंय.

चेंबरचं पॅकिंग

वरचं सगळं कोरडं आहे आणि फक्त चेंबरच्या जोडावर रेघ आहे, तरच इकडे या. बोल्ट एकदा टॉर्क पान्याने तपासा. पत्र्याच्या चेंबरची कड वाकली असेल तर आवळून उपयोग नाही. काही गाड्यांत चेंबर काढायला सायलेन्सरचा पाइप किंवा खालचा सांगाडा उतरवावा लागतो. तसं असेल तर मी स्वतः हे घरी करत नाही.

इथे थांबा

पुढच्या क्रँक सीलची गळती ओळखता येते. फिरती पुली तेल गोल भिरकावते, त्यामुळे आजूबाजूला चक्रासारखा शिंतोडा दिसतो. ओळखलं की तिथेच थांबा. टायमिंग बेल्टला तेल लागलं तर तो फुगतो, दात सोडतो, आणि तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. काही इंजिनांत बेल्ट मुद्दामच तेलात चालणारा असतो, ती गोष्ट वेगळी. सील बदलताना टायमिंग हलतं. अनुभव आणि हत्यारं नसतील तर मेकॅनिककडेच.

मागचं क्रँक सील म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडातून, खालून पडणारं तेल. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील छोटं, मजुरी मोठी. म्हणूनच ‘मागचं सील’ असं निदान मिळालं तर होकार देण्याआधी टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाचं बूच आणि टर्बोचा परतीचा पाइप कोरडा आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिघांचंही तेल ओघळून त्याच जागी पडतं. पडलेल्या तेलाचा वासही घ्या. गंधकाचा वास असेल तर सील इंजिनचं नाही, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं आहे. क्लच घसरायला लागला असेल तर तेल प्लेटपर्यंत पोचलंय, आता थांबू नका. आणि गिअरबॉक्स उतरवलाच तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगची अवस्था त्याच वेळी बघून घ्या.

हेड आणि ब्लॉक यांच्या जोडातून बाहेर येणारं तेल, कूलंटच्या टाकीत तरंगणारा तेलकट थर, डिपस्टिकवर दुधासारखा फेस, टर्बोच्या पाइपमधली गळती, आणि इंजिन चालू असताना धार. यातलं काहीही दिसलं तर घरचं काम संपलं. धार असेल तर गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या.

गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दल लोक नेहमी विचारतात. त्यातली रसायनं आक्रसलेलं रबर थोडं फुगवतात. नुकतंच कडक व्हायला लागलेलं सील त्याने काही महिने सावरू शकतं. फाटलेलं पॅकिंग, गेलेले आटे, फुटलेला स्विच यांवर काडीचा उपयोग नाही. ‘सिंथेटिक तेल टाकलं म्हणून गळायला लागलं’ हेही कानावर येतं. बरेचदा होतं असं की जुना चिखल जी फट बुजवून बसलेला असतो तो धुतला जातो. फट आधीपासून होतीच. आणि गळती कमी व्हावी म्हणून पुस्तिकेतल्या ग्रेडपेक्षा जाड तेल भरू नका. सकाळच्या गार स्टार्टला ते वर पोचायला वेळ लावतं.

दुरुस्तीनंतर

सगळं पुसा, पातळी बघा, इंजिन सुरू करून पाच मिनिटं खालून-वरून नजर ठेवा. मग नवीन पुठ्ठा, त्यावर तारीख. पहिल्या दोन-तीन दिवसांत एखादा थेंब पडला तर घाबरू नका. खोबणीत आणि खालच्या आवरणात अडकलेलं जुनं तेल उतरत असतं. चौथ्या दिवशी पुठ्ठा बदला. जमिनीवरच्या डागावर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून घ्या. काढलेलं तेल आणि तेलकट फडकी गटारात किंवा मातीत टाकायची नाहीत. झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेलं तेल जमा करून घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. माझ्या टॅपेट कव्हरच्या वेळी पुठ्ठ्यावर तिसऱ्या दिवशी एक थेंब पडला होता, आणि मी मध्यरात्री टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा होतो. ते जुनंच तेल होतं.